मशीनमधली स्थळं

ज्या घरात बोलायला दुसरं माणूस नसतं, त्या घरात किस्से साठत जातात. खर्चच होत नाहीत ना! माझ्याकडे लालबागच्या खोलीत सामान कमी आणि किस्से जास्त अशी परिस्थिती आहे. तुम्ही चहाला आला आहात, तर थोडे घेऊन जा.

मी नलिनी. सगळे नलूताई म्हणतात. हिंदमाताला एका साडीच्या दुकानाच्या डोक्यावर आमच्या कोकणातल्या तालुका मंडळाचं वधूवर केंद्र होतं, तिथे मी रविवारी काम करायचे. बाकी दिवस फोर्टात एका वकिलाकडे टायपिस्ट. केंद्राची जागा फार सोयीची होती. वर स्थळ बघा आणि जमलं तर खाली उतरून शालू घ्या. कितीतरी लोकांनी शालू आधी घेतला आणि मग वर येऊन आम्हाला विचारलं, आता याला साजेसं स्थळ दाखवा.

इतक्या जणांची लग्नं माझ्या हातून जमली. माझं राहून गेलं. ब्याऐंशीचा संप झाला तेव्हा बाबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते, मी नुकती टायपिंग शिकले होते. आज संप मिटेल, उद्या मिटेल करत बाबा कायमचे घरी बसले. पाठीवर दोन भावंडं होती. त्यांचं सगळं होईपर्यंत माझं वय झालं. कोणी जबरदस्ती केली नाही हो. मलाच लग्न हवं होतं, आणि मलाच वेळ नव्हता. नावामागे अजून कुमारीच लावते.

केंद्रात आम्ही तिघं. आबा सेक्रेटरी. एकेकाळी मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे साचेवाल्यांचे मुकादम. संपात नोकरी गेली तेव्हा मुकादमी करायची सवय तेवढी उरली, ती त्यांनी मंडळाला दिली. दुसरी मी. आणि तिसरा दिलीप. तो एका कंपनीत कम्प्युटर खात्यात होता, आईबरोबर वरळीला बीडीडी चाळीत राहायचा. त्याचंही लग्न झालेलं नव्हतं. कंपनीने जुना म्हणून काढलेला एक कम्प्युटर त्याने मंडळाला मिळवून दिला आणि स्थळं जुळवायचा प्रोग्राम स्वतः लिहिला, फुकट. त्याला आम्ही प्रोग्राम कधी म्हटलं नाही. आमच्यासाठी ते मशीन. मिलमध्ये जन्म गेलेली माणसं, मशीन म्हटलं की त्यांना जरा घरचं वाटायचं.

आता आबा नाहीत. दिलीप आईला घेऊन पनवेलकडे गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली. साडीच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. किस्से तेवढे माझ्याकडे राहिले.

•

मशीन नवीन होतं तेव्हाची गोष्ट. वरळी कोळीवाड्यातल्या एक मावशी वर आल्या. खरं तर त्या आमच्या तालुक्याच्या नाहीत, जातीच्याही नाहीत, पण खाली साडी घेताना कोणी तरी सांगितलं, वर लग्नं जमवून देतात. मी त्यांना बसवलं. म्हटलं, "घरी काय करता?"

"दादरला मासली विकते."

मग त्या मुलीबद्दल सांगत बसल्या आणि मी टायपिंग सोडून ऐकत बसले. मशीनला थोडा वेळ कोणी हात लावला नाही की पडद्यावर आपोआप चित्र यायचं. पाणी, बुडबुडे, आणि इकडून तिकडे पोहणारे मासे. तेच आलं.

मावशी बोलता बोलता थांबल्या. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय गो, माझी मस्करी करतंस?"

मी घाबरून माउस हलवला. मासे गेले. ते तर आणखीनच वाईट झालं. "बघ, पकडलं तशी लपवलंस!"

दिलीपने येऊन परोपरीने समजावलं, की मशीनला तुमचा धंदा माहीत नाही, ते सगळ्यांनाच मासे दाखवतं. मावशींनी पुन्हा लावायला सांगितलं. चांगलं निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "हा पिवळा बरा हाय. पण तो निळा घेऊ नको, डोला बघ त्याचा. शिळा हाय."

मुलीचं त्यांनी त्यांच्यातच जमवलं. पण त्यानंतर मंडईत मी दिसले की मला हाक मारायच्या आणि विचारायच्या, "निळा काढला काय?" बाजारात आपल्याला कोणी हाक मारणारं असलं की पिशवी हलकी वाटते.

•

आता तावडेकाकांचं ऐका. ते मुलासाठी स्थळ बघत होते. आम्ही दर महिन्याला मुलांची नावं छापून बोर्डावर लावायचो. त्या जुन्या मशीनला मराठी बाराखडीचा क्रम कळायचा नाही. नावं कशीही लागायची, पण दर वेळी तशीच कशीही. आणि तावडेकाकांच्या मुलाचं नाव कायम तळाला.

पहिल्या महिन्यात काका काही बोलले नाहीत. पुढे एकदा आबांच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"आबा, कोण सांगतंय माझ्या पोराला खाली ठेवायला?"

"कोण सांगणार? मशीन लावतं."

"मशीन लावतं, पण मशीनला कोण लावतं?"

आबा हसायला लागले. काका हसले नाहीत. म्हणाले, "संपानंतर गेटवर नावं लागलेली, आठवतात? कोणाला परत घेणार त्यांची. माझं शेवटी होतं. विचारायला गेलो तर म्हणाले, काका, नंबर येईल. मिल गेली आबा, माझा नंबर काय आला नाय."

आबांनी हसू आवरून टेबलावरची वही मिटली. त्यांचं तर नावच लागलं नव्हतं. मीही मान खाली घालून कागद सारखे करत राहिले. बाबाही असेच गेटवर बघायला जायचे आणि घरी येऊन नुसतं पाणी मागायचे.

दिलीप पुढचे दोन-तीन रविवार मशीनला चिकटून बसला. शेवटी क्रम लावून घेतला त्याने, आणि वर एक गोष्ट केली. तावडेकाकांच्या मुलाचं नाव त्या महिन्यापुरतं पहिलं आणलं. आम्ही कागद बोर्डावर लावला आणि काकांची वाट बघत बसलो.

काका आले. चष्मा लावला. पहिलं नाव वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग आबांकडे वळून म्हणाले,

"म्हणजे आधी मुद्दामच खाली ठेवलेलं!"

•

दिलीपची एक खोड होती. चूक सापडली नाही की त्याला जेवण जायचं नाही. एकदा तो असाच हवालदिल होऊन बसला. मशीन चांगल्या चांगल्या मुलांच्या नोंदी घेईना. एकच माणूस दोनदा नोंदवताय, असं म्हणून बाहेर काढायचं. मी म्हणत होते, अहो, हे दोघे वेगळे, मी दोघांनाही बघितलंय, एकाला टक्कल आहे.

त्याने खोदून खोदून बघितलं तर काय, निम्म्या लोकांची जन्मतारीख एकच. एक जून. वडिलांची एक जून, मुलाची एक जून, काकाची एक जून. आडनावं तर काय, आमच्या तालुक्यात मोजकीच. आडनाव एक, तारीख एक, साल एक. मशीनला वाटायचं, माणूसही एकच.

दिलीप म्हणाला, "मॅडम, कुठेतरी आत तारीख बिघडतेय. रिकामी जागा दिसली की मशीन आपल्या मनाने एक जून टाकतंय." सगळे मला ताई म्हणायचे, तो एकटा मॅडम म्हणायचा. त्याचं बालपण सगळं इथलं, मुंबईत हॉस्पिटलात जन्मलेला, त्याला कुठून कळणार? कितीतरी रविवार तो ती चूक शोधत होता. मलाही वाटलं होतं त्याला सांगावं, पण खरं बोलू? तो चूक शोधत होता तोवर संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायचा. रविवारची संध्याकाळ घरी खायला उठते हो.

शेवटी आबांनीच बघितलं. म्हणाले, "काय शोधतंस रे एवढा?"

दिलीपने दाखवलं. आबांनी कपाळावर हात मारला.

"अरे, तो मास्तरान दिलेलो वाढदिस! गावच्या शाळेत पोराक घालूक नेलो की मास्तर विचारी, जन्म कधीचो? कोणाक म्हायत? मगे मास्तर लिवी, एक जून. शाळा जूनात सुरू होता म्हणान. माझो पण एक जूनच."

मशीनची काही चूक नव्हती. हजारो माणसं खरोखरच एका दिवशी जन्मलेली होती.

दिलीपने विचारलं, "मग आबा, तुमचा खरा वाढदिवस कधी?"

आबा छत्री उचलत होते. म्हणाले, "तो माझ्या आवशीक म्हायत होतो. ती गेली."

•

दोन हजार साल आलं तेव्हा जगभर मशीनं बंद पडणार अशी हवा होती, आठवतं? आमचं बंद पडलं नाही. आमचं चालू राहिलं, तेच वाईट झालं.

नवीन वर्षाच्या पहिल्या रविवारी मी एका मुलीची माहिती छापून तिच्या आईच्या हातात दिली. रंग गोरा, शिक्षण बी.कॉम., वय उणे बहात्तर. मशीन सालाचे शेवटचे दोनच आकडे बघायचं. शून्यातून बहात्तर वजा केले, झालं.

आईने कागद वाचला, इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, आम्ही दोन वर्षं कमी सांगितली होती ते खरं. पण तुम्ही तर कमालच केलीत."

आबा शेजारच्या टेबलावरून ऐकत होते. म्हणाले, "बाये, तुझ्या चेडवाक जन्माक येवक अजून बहात्तर वर्सां आसत. हॉल आत्ताच बुक कर, स्वस्तात मिळात."

दिलीप दुपारी येऊन नीट करून गेला. तो येण्याआधी मी गुपचूप माझं वय काढून बघितलं. उणेच आलं. मला तो आकडा फार आवडला. चाळीशीला आलेल्या बाईला सगळे विचारतात, अजून का नाही? उणे वयाच्या बाईला कोण विचारणार? अजून जन्मलीच नाही बिचारी.

•

मग इंटरनेट आलं आणि परदेशातली मुलं आली. एक बापलेक आमच्याकडे यायचे. मुलगी बँकेत होती, बोलायला तिखट. बापाने आमच्या मशीनवरून अमेरिकेतल्या एका मुलाला ईमेल पाठवायला सांगितलं, फोटोसकट. मी पाठवलं. चहाचा घोट घेतो न घेतो तोच उत्तर हजर! मी सध्या ऑफिसात नाही, परत आलो की लगेच संपर्क साधतो.

बाप इतका खूश झाला की सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने वडे आणले. "बघा, तिकडे रात्र असेल. रात्रीचा उठून उत्तर देतोय."

पुढच्या रविवारी पुन्हा पाठवलं, पत्रिका. लगेच उत्तर. तेच. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. तेच. दिलीप मला डोळ्यांनी खुणावत होता, की सांगा त्यांना, हे मशीनचं उत्तर आहे, माणसाचं नाही. मला सांगवेना. बाप म्हणत होता, "मुलगा शब्दाचा पक्का आहे. तीनदा विचारलं, तीनदा एकच सांगितलं."

मुलीने वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, ऑफिसात नाही, घरी नाही आणि लगेच येतो. नवरा झालाय की तो ऑलरेडी."

•

आता हा शेवटचा. हा मी फारसा कोणाला सांगत नाही. पण चहा अजून आहे कपात, म्हणून सांगते.

एका रविवारी केंद्रात कोणीच फिरकलं नाही. क्रिकेटची मॅच होती, हिंदमाताचा रस्तासुद्धा ओस पडलेला. आबा खाली साडीवाल्याकडे टीव्ही बघायला जाऊन बसले. दिलीप यायचा होता. मी मशीनसमोर एकटी.

मी माझी नोंद भरली. गंमत म्हणून, असं तुम्हाला सांगणार होते. पण गंमत म्हणून नाही. मी सगळं खरं भरलं. वय खरं, पगार खरा, रंग सावळा. वर कसा हवा, तर मुंबईत राहणारा आणि बिनलग्नाचा, एवढंच. आणि शोध म्हणून बटण दाबलं.

एरवी बटण दाबलं की मशीन लगेच कोणी ना कोणी दाखवायचं. मला त्याने कोणीच दाखवलं नाही. पडद्यावर एकच ओळ आली. शोध चालू आहे, कृपया थांबा. मी थांबले. मग आणखी थांबले. मशीन आपलं घरघरतंय आणि ओळ तीच. मला रडूच आलं. वाटलं, कोणी तरी मुद्दाम घालून ठेवलंय हे. ही बाई आली की तिला थांबा म्हणायचं.

दिलीप कधी आला ते कळलं नाही. मागे उभा होता. माझं नाव पडद्यावर, माझं वय पडद्यावर. मी बंद करायला गेले तर मशीन हलेना.

"राहू द्या मॅडम," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

खुर्ची ओढून शेजारी बसला आणि मला समजावून सांगायला लागला, माझ्याकडे न बघता. मुलीच्या वयाचा मुलगा मिळाला नाही की मशीन एक वर्ष पुढे जाऊन बघायचं. तिथे नाही मिळाला तर आणखी एक वर्ष पुढे. माझ्याहून मोठा आणि बिनलग्नाचा एकही पुरुष आमच्या मशीनमध्ये नव्हता. कुठे थांबायचं ते दिलीपने त्याला शिकवलं नव्हतं.

"आत्तापर्यंत एकशेदहा वर्षांच्या माणसापर्यंत पोचलं असेल," तो म्हणाला.

मला हसू आलं. तोही हसला. आम्ही दोघं बराच वेळ हसत होतो, आणि खालून मॅचचा आरडाओरडा ऐकू येत होता.

मग मी म्हटलं, "मागे का नाही जात ते? सारखं पुढेच का?"

"मागे जायचं नाही असं आबांनी सांगितलंय. वर वधूपेक्षा मोठाच हवा. मंडळाची पद्धत आहे." तो बटणांवरची धूळ बोटाने पुसायला लागला. "पद्धत म्हणजे एकच ओळ आहे मॅडम. काढता येते. काढून बघू?"

मी माझी खुर्ची थोडी बाजूला सरकवली. त्याने मशीन बंद करून पुन्हा लावलं, आत कुठेतरी जाऊन काही तरी पुसलं. माझी नोंद पुन्हा त्यानेच भरली. मला काही विचारावं लागलं नाही त्याला, सगळं आठवत होतं. म्हणाला, "दोनच वर्षं मागे जाऊ दे." आणि बटण दाबलं.

या वेळी थांबावं लागलं नाही. एक नाव आलं.

केंद्रातली प्रत्येक नोंद मी माझ्या हाताने टाइप केलेली होती. ही केलेली नव्हती. नाव दिलीपचं होतं. पत्ता बीडीडी चाळ, वरळी. घरी आई. वय माझ्याहून दोन वर्षांनी कमी.

खाली कोणी तरी आउट झालं असावं, सगळे एकदम गप्प झाले होते. काही तरी बोलायला हवं, म्हणून मी म्हटलं, "मशीन नवीन होतं तेव्हा टेस्टिंगला भरली असणार ही नोंद. तशीच राहून गेलीय वाटतं. काढून टाकू?"

तो म्हणाला, "तुम्ही बघा."

मी डिलीटचं बटण दाबलं. नोंद गेली नाही. तिच्यावर एक चौकोन आला आणि त्यात लिहिलेलं, ही नोंद नक्की काढायची आहे का? होय. नाही.

मी म्हटलं, "हे असं का विचारतंय?"

दिलीप उठून खिडकीपाशी गेला होता. रस्त्याकडे बघत म्हणाला, "मीच शिकवलंय त्याला विचारायला. चुकून कोणी जाऊ नये म्हणून."